सहाव्या मजल्याचा जावई

रस्त्यावरून पाहिलं तर हॉटेल सहा मजली होतं. आतून मोजलं तर पाच. या दोन आकड्यांमध्ये जो एक मजला उरतो, तो जावईबापूंच्या ताब्यात होता.

त्यांना सगळेच जावईबापू म्हणत. सासूबाई म्हणत ते ठीकच. पण भाजीवाला, टपालवाला, लिफ्ट दुरुस्त करणारा आणि दुसऱ्यांदा उतरलेले पाहुणेही तेच म्हणत. लग्नाआधी त्यांना स्वतःचं असं एक नाव होतं आणि ते काही वाईट नव्हतं. पण हॉटेलात राहायला आल्यावर ते कुठेतरी सामानात राहून गेलं आणि शोधायची वेळ कधी आली नाही.

मजल्याची हकिकत अशी. बायकोचे आजोबा या गावात आले तेव्हा भर बाजारपेठेत, चौकाच्या पलीकडच्या अंगाला, एक पाच मजली हॉटेल आधीच उभं होतं. आजोबांनी ते पायरीपासून कठड्यापर्यंत नीट पाहून घेतलं आणि गावभर सांगून टाकलं की आपलं सहा मजली होणार. सांगून झाल्यावर त्यांनी वास्तुकाराला विचारलं. वास्तुकाराने जमीन तपासली. खाली जुना ओढा बुजवलेला होता. तो म्हणाला, पाचच्या वर खोल्या चढवल्या तर इमारत हळूहळू तळघराकडे निघेल. आजोबा म्हणाले, "खोल्या नकोत चढवू. मजला दिसला पाहिजे, बस." वास्तुकाराने घरी जाऊन बराच विचार केला, आणि त्याच्या लक्षात आलं की आपण जन्मभर अशाच गिऱ्हाइकाची वाट पाहत होतो.

त्याने मागची इमारत पाच मजली बांधली आणि पुढची भिंत सहा मजली. वरच्या ओळीत नऊ खिडक्या. प्रत्येक खिडकीवर विटांची कमान, कमानीच्या मधोमध चुन्यात घडवलेलं फूल, खाली ओतीव लोखंडाचा इवलासा सज्जा. पाचव्या मजल्यावरच्या खिडक्यांपेक्षा या अंमळ जास्तच देखण्या झाल्या होत्या, कारण आत काही बांधायचं नसल्यामुळे वास्तुकाराला वेळच वेळ होता. खिडक्यांना काचा, काचांमागे पडदे, पडद्यांमागे आभाळ. भिंत कलंडू नये म्हणून तिला गच्चीवरून तिरक्या लोखंडी टेक्यांनी धरून ठेवलेलं. बाकी गच्चीवर पाण्याची टाकी आणि हॉटेलच्या चादरी वाळत घालायच्या दोऱ्या.

लिफ्टमध्ये सहाचं बटण होतं. ते दाबलं की लिफ्ट पाचव्यावर जाऊन थांबे आणि घरातलं कोणीतरी नम्रपणे सांगे की सहावा मजला फुल्ल आहे. काउंटरवरही तेच सांगत, फोनवरही तेच. आजोबांच्या काळापासून सहावा मजला फुल्ल होता. मंदीत फुल्ल होता. साथीच्या वर्षी फुल्ल होता. खालच्या पाच मजल्यांवर मिळून एक फिरता औषधविक्रेता आणि त्याची बॅग एवढंच असे, तेव्हाही वरचा मजला फुल्लच. त्यामुळे गावात त्याचा चांगलाच दरारा होता. तिथे खोली मिळायला कोणाची ओळख लागते, याचे अंदाज केस कापायच्या दुकानात बांधले जात.

जावईबापूंचं लग्न ठरलं तेव्हा त्यांच्या आईने नातेवाइकांना मुलीचं शिक्षण किंवा स्वभाव काही कळवला नाही. सहा मजली घराणं, एवढंच कळवलं. लग्न पार पडलं, पाहुणे गेले आणि सासऱ्यांनी जावयाला लोखंडी शिडीने गच्चीवर नेलं. चादरी बाजूला सारत सारत त्यांना भिंतीपाशी उभं केलं.

"आता तुम्ही घरातले," सासरे म्हणाले, "म्हणून दाखवतो. बाहेरच्याला हे दाखवायचं नाही."

जावईबापूंनी एका खिडकीतून खाली रस्ता पाहिला. मान वर करून आभाळ पाहिलं. मग त्यांनी अदबीने विचारलं की या मजल्याचं करायचं काय. सासरे म्हणाले, "चालवायचा."

तेव्हापासून ते चालवत होते. काउंटर सासूबाईंकडे होतं आणि सासरे गेल्यावरही त्यांच्याकडेच राहिलं. स्वयंपाकघर आणि चादरी बायकोकडे. जावयाला द्यायला सहावा मजला तेवढा शिल्लक होता, आणि जावईबापूंनी तो मनावर घेतला. सकाळी ते खिडक्या उघडत, पण धडाधड नव्हे. एखादा पाहुणा पहाटे उठणारा असतो, एखादा उन्हं वर आली तरी लोळतो, त्या हिशेबाने. पडदे ऋतूप्रमाणे बदलत. सज्ज्यांमध्ये कुंड्या ठेवल्या होत्या, त्यातली एक मुद्दाम वाळू दिली होती, कारण नऊ खोल्यांत एकतरी निष्काळजी माणूस असायचाच. संध्याकाळी दिवे लावताना एक-दोन खिडक्या अंधाऱ्या ठेवत. ती मंडळी बाहेर जेवायला गेलेली असत. खालच्या मजल्यांबद्दल रोज तक्रारी येत. नळ गळतो, गादी बोचते, शेजारी घोरतो. सहाव्या मजल्याबद्दल इतक्या वर्षांत एकही तक्रार आली नव्हती. घरात याचं श्रेय त्यांना कोणी दिलं नाही, पण जावईबापूंना ते आतून माहीत होतं. याआधी त्यांनी एक छत्र्यांचं दुकान आणि एक सायकलींचं दुकान चालवून पाहिलं होतं. दोन्ही बसली होती. आयुष्यात त्यांनी धड चालवलेली अशी ही एकच गोष्ट.

आणि नेमकी तीच मेहुण्याच्या डोळ्यांवर आली.

मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. तो मोठ्या शहरात इमारतींची खरेदी-विक्री जुळवून देण्याचा धंदा करी आणि वर्षातून एकदा आईला भेटायला येई. या खेपेला येताना तो एक नकाशा घेऊन आला. नकाशात हॉटेल नव्हतं. हॉटेलच्या जागी मोटारी ठेवायची एक उंच इमारत होती आणि तिच्या दारात पेन्सिलने काढलेलं एक झाड. झाड कुठून येणार असं सासूबाईंनी विचारलं, तर ते नंतर येतं असं तो म्हणाला. मग त्याने आईला जवळ बसवून समजावलं की लिफ्ट म्हातारी झाली आहे, नळ म्हातारे झाले आहेत आणि तू... इथे तो थबकला.

"मी काय?" सासूबाईंनी विचारलं.

"तू मालकीण," मेहुणा म्हणाला.

सासूबाई न्यायी बाई होत्या. नळांबद्दल मुलाचं म्हणणं खरं होतं, आणि गुडघ्यांबद्दल तो जे बोलला नव्हता तेही खरं होतं. त्यांनी निकाल दिला. नगरपालिकेचं जुन्या इमारतींचं एक खातं आहे. जपण्यासारखी इमारत असेल तर ते तिला संरक्षण देतं, मग तिला हात लावता येत नाही. त्यांना बोलवायचं. ते ठेवा म्हणाले तर हॉटेल राहील आणि हा विषय पुन्हा निघणार नाही. ते नको म्हणाले तर मी विक्रीच्या कागदावर सही करीन. मेहुण्याला हे मान्य होतं, कारण त्याला निकालाची खात्री होती. जावईबापूंनाही मान्य होतं, कारण त्यांना कोणी विचारलं नव्हतं.

अर्ज त्यांनीच केला. इमारतीचे मजले किती, असा एक रकाना होता. तिथे त्यांच्या हाताने सहा लिहिलं. डोक्याला ते कळलं तेव्हा अर्ज पोचलासुद्धा होता.

ज्या दिवशी तपासणी व्हायची होती, त्या सकाळी बायको चादरी घ्यायला गच्चीवर आली आणि उश्यांचे अभ्रे दोरीवरून काढता काढता म्हणाली, "तो सांगणार आहे."

जावईबापू तेव्हा चौथी खिडकी उघडत होते. "कोण? काय?"

"माझा भाऊ. त्या तपासनीस बाई सहावा मजला दाखवा म्हणतील ना, तेव्हा एवढंच म्हणणार आहे, की तो नाहीच. बाकी काही करणार नाही म्हणतो. अर्जात खोटं लिहिलं म्हणून अर्ज तिथल्या तिथे बाद. स्वयंपाकघरात येऊन सांगून गेला मला. आणि बनियन बदला तो, रस्त्यावरून दिसतं."

जावईबापूंनी चौथी खिडकी पुन्हा लावून घेतली. त्यांना वाटलं, आज त्या खोलीतल्या माणसाला उठवू नये.

तपासनीस बाई आल्या त्या कापडी बुटांत, खांद्याला झोळी, हातात मोजपट्टी. बोलायला शांत, पण त्यांना एक सवय होती. त्या प्रत्येक गोष्ट बोटांच्या पेरांनी वाजवून पाहत. दारातून आत येताच त्यांनी दिवाणखान्यातल्या संगमरवरी खांबावर टकटक केलं. खांब ढोलासारखा वाजला.

"आत काय आहे?" बाईंनी विचारलं.

जावईबापूंनी खरं ते सांगितलं. आत काही नव्हतं. लाकडाचा सांगाडा, त्यावर गिलावा, आणि गिलाव्यावर पिसाने ओढलेल्या संगमरवराच्या शिरा. दर काही वर्षांनी त्या नव्याने ओढाव्या लागत. बाईंनी मान डोलावून लिहून घेतलं. मग त्यांनी भोजनगृहाचं नक्षीदार छत काठीने वाजवलं. ते पत्र्याचं निघालं. शेकोटीच्या वर धुराडं नव्हतं. वाचनकक्षातल्या कपाटात चामडी बांधणीची पुस्तकं ओळीने उभी होती; बाईंनी एक ओढलं, तर सगळी ओळच एका फळीसकट बाहेर आली. पुस्तकांना नुसत्या पाठी होत्या. बाईंनी ओळ पुन्हा जागेवर बसवली आणि तीसुद्धा वाजवून पाहिली.

जे खरं होतं, ते पूर्वीच बदलून झालं होतं. तळमजल्याच्या मूळच्या लाद्या सासऱ्यांनी उचकटून गुळगुळीत फरशी घातली होती. सागवानी दारं जाऊन पुठ्ठ्यासारखी हलकी दारं आली होती, कारण ती धुता येत. जावईबापू प्रत्येक ठिकाणी तोंडभरून हकिकत सांगत आणि सांगता सांगता त्यांचा आवाज बारीक होत जाई. मागून मेहुणा येत होता. नवेकोरे बूट, ते पायरीगणिक करकरत होते, आणि चेहऱ्यावर वाढदिवस असल्यासारखं हसू.

तिसऱ्या मजल्यावर बाई थांबल्या. "यात खरं काय आहे?" त्यांनी विचारलं. विचारण्यात टोमणा नव्हता, नोंदीसाठी हवं होतं.

जावईबापूंनी विचार केला. "जिना," ते म्हणाले.

बाईंनी जिना वाजवला. जिना खरा होता. सगळ्यांना जरा बरं वाटलं, मेहुणा सोडून.

पाचव्या मजल्यावर सासूबाईंची खोली होती. त्या दारात खुर्ची घेऊन बसल्या होत्या. बायकोही चादरींचा गठ्ठा कवेत घेऊन जिन्याच्या तोंडाशी उभी राहिली. हे ऐकायला ती आली नव्हती, फक्त तिचं काम नेमकं तिथे होतं. बाईंनी चारी बाजूंनी पाहिलं, वर जाणारा जिना दिसला नाही, तेव्हा त्या लिफ्टमध्ये शिरल्या आणि सहाचं बटण दाबलं. लिफ्ट हुंकारली आणि जागची हलली नाही.

"सहावा मजला?" बाईंनी विचारलं.

जावईबापूंनी रात्रीपासून या क्षणासाठी तीन-चार उत्तरं तयार केली होती. "फुल्ल आहे," ते म्हणाले.

शब्द बाहेर पडले तेव्हा त्यांनी ते दुसऱ्या कोणी म्हटल्यासारखे ऐकले. बाई मेहुण्याकडे वळल्या. "तुम्ही मालकीणबाईंचे चिरंजीव ना? तुम्ही सांगा."

मेहुणा पुढे आला. याच एका वाक्यासाठी तो बूट घालून आला होता. त्याने गळ्यातला टाय सरळ केला, घसा साफ केला आणि तोंड उघडलं. पण एक गोष्ट त्याने हिशेबात धरली नव्हती. ज्या जागी तो आता उभा होता, त्याच जागी लहानपणी शाळा सुटल्यावर त्याला उभं करत. लिफ्टचं दार उघडलं की वर बघायचं, हसायचं आणि सांगायचं. सगळं बालपण त्याने ते एकच वाक्य म्हटलं होतं. पाढे विसरला होता, पण हे विसरणं त्याच्या हातात नव्हतं. समोर दारात आई बसली होती.

"फुल्ल आहे," मेहुणा म्हणाला. आणि तेवढ्याने भागेना म्हणून, "एका लग्नातली मंडळी उतरलीत. मुलीकडची."

स्वतःचाच खिसा स्वतः कापल्यावर माणसाचा चेहरा जसा होईल तसा मेहुण्याचा झाला. त्याने तोंड पुन्हा एकदा उघडून पाहिलं, पण आत दुसरं वाक्य सापडलं नाही. सासूबाईंनी बसल्या जागेवरून हात लांब करून त्याच्या कोटावरचं एक सूत काढलं. बऱ्याच वर्षांनी.

बाईंनी पेन झोळीत ठेवलं.

"मी आज जरा लवकरच आले," त्या म्हणाल्या. "समोरच्या बाकावर बसून इमारत पाहत होते. सहाव्या मजल्यावरच्या खिडक्या एकेक करून उघडत होत्या. प्रत्येक खोलीत एक पाहुणा. आणि सगळ्यांच्या अंगात तोच फाटका बनियन."

जावईबापूंनी सदऱ्याची वरची गुंडी लावली.

"मी सांगत होते," जिन्यावरून बायको म्हणाली, "नवा घाला म्हणून."

बाई सासूबाईंकडे वळल्या आणि साध्या शब्दांत सगळं मांडलं. मजला बघायला मिळाला नाही, तर त्यांना तसं लिहावं लागेल. तसं लिहिलं, तर अर्ज निकालात. त्यांना आग्रह करायचा नव्हता, पण दुपारी त्यांना आणखी एक धान्याचं कोठार पाहायला जायचं होतं.

जावईबापू सासूबाईंच्या तोंडाकडे पाहत राहिले. बोलायचा अधिकार त्यांना नव्हता. दाखवलं तर घराण्याची अब्रू जाणार, न दाखवलं तर हॉटेल. आणि दोन्हींत त्यांचा मजला जाणारच होता. सासूबाईंनी लिफ्टच्या बटणांकडे नजर टाकली. त्याही कधीतरी सून म्हणून शिडी चढून गेल्या होत्या.

"तुम्ही बघितलंत तर लिहिणार?" त्यांनी विचारलं.

"लिहिणार."

"काय लिहाल?"

"जे असेल ते."

"जे असेल ते," सासूबाई स्वतःशीच म्हणाल्या. मग म्हणाल्या, "जावईबापू, दाखवा यांना. आणि ती शिडीची तिसरी पायरी हलते, ते सांगा आधी."

शिडी चढून बाई ओल्या चादरींमधून बाहेर आल्या, तेव्हा समोर नऊ खिडक्या ओळीने उभ्या होत्या आणि पडदे वाऱ्यावर आत-बाहेर होत होते. आत म्हणजे गच्चीवर. बाई एकदम थांबल्या. मग त्या भिंतीजवळ गेल्या आणि पेरांनी वाजवली. भिंत वाजली नाही. जिना सोडला तर सकाळपासून हाताला लागलेली ती पहिली भरीव गोष्ट. त्यांनी पुन्हा वाजवली, या खेपेला बहुधा नोंदीसाठी नव्हे. मग एकेक कमान पाहिली. चुन्याच्या फुलांच्या पाकळ्या शाबूत होत्या. काचा जुन्या, हाताने घडवलेल्या, मध्ये बुडबुडे असलेल्या. खाली सगळं माणसांनी वापरून, धुऊन, बदलून संपवलं होतं. इथे कोणी राहिलंच नसल्यामुळे कोणी काही बिघडवलं नव्हतं. बाईंनी एक खिडकी उघडली. ती लोण्यासारखी फिरली.

"बिजागऱ्यांना तेल कोण घालतं?"

"मी," जावईबापू म्हणाले.

"कशाला?"

"करकरतात. पाहुण्यांची झोपमोड होते."

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. मग गच्चीवर आजूबाजूला पाहिलं. मग पेन पुन्हा बाहेर काढून काहीतरी लिहिलं.

जावईबापूंना आता धीर निघेना. "पाडणार का?" त्यांनी विचारलं.

"खाली पाच मजले बघितले मी," बाई म्हणाल्या. "खरं जे होतं ते तुम्ही बदललंत. उरलं ते वास्तुकारानेच खोटं बांधलं होतं. माफ करा, पण त्यात ठेवण्यासारखं काही नाही."

जावईबापूंनी चौथ्या खिडकीचा काठ धरला.

"पण इथे एक मजला आहे," बाई म्हणाल्या. "असा दुसरा मी कुठे पाहिला नाही. हा ठेवावा लागेल."

एवढ्यात शिडीवरून मेहुण्याचं डोकं वर आलं. हलत्या पायरीने त्याच्या बुटाला ओरखडा काढला होता, पण शेवटचं वाक्य त्याने ऐकलं होतं आणि त्याच्यातला व्यापारी शुद्धीवर आला होता. कपड्यांवरची धूळ झटकत तो म्हणाला की उत्तम, भिंत ठेवू, भिंतीला कोणाची हरकत नाही. मागचं पाडून तिथे मोटारी ठेवू. पुढून लोकांना खिडक्या दिसतील, मोटारींनाही बरं वाटेल.

बाईंनी शांतपणे एक लोखंडी टेका हाताने हलवून पाहिला. तो हलला नाही. "हा कशावर उभा आहे?"

"गच्चीवर," मेहुणा म्हणाला.

"गच्ची कशावर?"

"पाचव्या मजल्यावर."

"आणि पाचवा?"

मेहुणा इमारतींच्या धंद्यातला माणूस. तो चौथ्या मजल्यापाशीच काय ते समजला आणि उत्तर द्यायचा थांबला. जावईबापूंना काही समजलं नव्हतं, म्हणून ते उत्साहाने उत्तरं देत खाली उतरत गेले. पाचवा चौथ्यावर, चौथा तिसऱ्यावर, तिसरा दुसऱ्यावर, असं करत ते तळमजल्यापर्यंत आले. "आणि तळमजला पायावर," ते म्हणाले. काही राहायला नको म्हणून त्यांनी जोड दिली, "पाया ओढ्यावर."

"बरोबर," बाई म्हणाल्या आणि कोठार पाहायला निघून गेल्या.

काही दिवसांनी नगरपालिकेचा हुकूम आला. त्यात लिहिलं होतं की इमारतीचा सहावा मजला संरक्षित असून त्यात कोणताही बदल करता येणार नाही. तळमजला ते पाचवा मजला हा सहाव्या मजल्याचा आधार असल्यामुळे तोही जागेवर ठेवावा. सहाव्या मजल्याच्या खिडक्या, पडदे आणि दिवे आजवर जसे चालू आहेत तसेच पुढेही चालू ठेवावेत, आणि त्यासाठी एक जबाबदार व्यक्ती नेमावी.

सासूबाईंनी चष्मा लावून हुकूम वाचला, मग पुसून पुन्हा लावून वाचला. हॉटेल राहिलं याचा आनंद त्यांना झाला, पण त्याहून राग जास्त आला. "म्हणजे माझी खोली आधार?" त्यांनी विचारलं. "इतकी वर्षं मी आधारात राहते?" मुलीने समजूत घातली की कायद्याची भाषा तशीच असते. सासूबाईंनी हुकूम जावयाच्या हातात दिला आणि त्या काउंटरवर जाऊन बसल्या. जरा वेळाने तिथूनच म्हणाल्या, "जबाबदार व्यक्तीला म्हणावं, जेवून घ्या." जावईबापू ओळीने दोन जिने चढून गेल्यावर त्यांना कळलं की ते आपल्याला होतं. मग ते ओळीने दोन जिने उतरले.

गावात आता लोक हसतील, या भीतीने ते आठवडाभर मागच्या दाराने बाजारात गेले. पण हसलं कोणीच नाही. नगरपालिकेचे हुकूम वाचायची पद्धत गावात नव्हती. ज्या थोड्यांनी वाचला, त्यांना त्यावरून एवढंच कळलं की सहाव्या मजल्याला आता सरकारी संरक्षण आहे, म्हणजे तिथे कोणीतरी फार मोठं माणूस राहत असणार. दोघे-तिघे असे निघाले की जे म्हणाले, हुकमात काहीतरी गफलत आहे, आम्ही स्वतः त्या मजल्यावर राहून आलोय. एकाला तिथल्या उश्या अजून आठवत होत्या.

मेहुण्याने नकाशा गुंडाळून ठेवला. लगेच परत जावं तर तिथे व्यवहार जुळवणाऱ्यांना काय तोंड दाखवायचं हा प्रश्न होता, म्हणून तो चार दिवस राहिला, मग आणखी चार. नळवाल्याशी भांडण्याचं काम त्याच्याकडे आलं आणि ते त्याला चांगलं जमलं. हुकमात एक तडकलेली काच बदलण्याबद्दल लिहिलं होतं. जावईबापूंनी ती शोधून आणली, जुन्या तऱ्हेची, बुडबुड्यांची, आणि दोघे मिळून ती शिडीने वर घेऊन गेले. मेहुणा वर, जावईबापू खाली, आणि दोघांच्या मध्ये काच. त्यामुळे सगळा वेळ दोघं एकमेकांशी फार सभ्यपणे बोलत होते.

काच बसवून झाली. मेहुण्याने फडक्याने ती आतून पुसली, मग बाहेरूनही पुसायला गेला आणि खाली रस्ता बघून परत आला. मग सहज विचारावं तसं त्याने विचारलं, "भावोजी, या खोलीत कोण असतं?"

जावईबापू दचकले. इतक्या वर्षांत हे त्यांना कोणी विचारलं नव्हतं, बायकोनेसुद्धा. क्षणभर त्यांना वाटलं की टाळावं. पण मेहुणा फडकं हातात धरून उत्तराची वाट पाहत होता.

"एक आजी आहेत," जावईबापू म्हणाले. "नातवाला भेटायला आल्यात. तो काही अजून आलेला नाही. सकाळचं ऊन त्यांना सोसत नाही."

मेहुण्याने पडदा अर्धा ओढला. ओढताना आवाज होऊ दिला नाही.

"आणि शेजारी?"

"शेजारी एक बासरी वाजवणारे आहेत."

"आजींच्या शेजारी? सकाळी सकाळी?" मेहुण्याने डोक्याला हात लावला. "भावोजी, तुम्हाला हॉटेल चालवता येत नाही."

आणि कोट काढून, चादरी बाजूला सारत, तो बासरीवाल्याचं बिऱ्हाड टोकाच्या खोलीत हलवायला निघाला.